सवय झालेली माणसं

भाची : आधी या पायरीवर बस, आत्या. आणि नीट सांग. प्रस्ताव फेटाळला म्हणजे पूर्ण फेटाळला?

आत्या : पूर्ण. विमानतळाची दुसरी धावपट्टी होणार नाही. तळं बुजवणार नाहीत, आपली गल्लीही पाडणार नाहीत. समितीच्या अध्यक्षबाईंनी माझ्यासमोर सही केली. हात सोड गं, दुखतोय.

भाची : एवढी वर्षं घसा फोडून ओरडले मी, आणि नेमकं आज मला दाराबाहेर ठेवलं.

आत्या : मागच्या सुनावणीत टेबलावर चढून घोषणा कोणी दिल्या? मी?

भाची : बरं बाई. आपण घोटून घेतलं होतं ते सगळं बोललीस ना?

आत्या : कुठलं काय. माती खाल्ली मी.

भाची : म्हणजे?

आत्या : आधी विमानतळाचा वकील बोलला. गुळगुळीत माणूस. म्हणे, आवाजाचं एवढं काही नाही, तिथल्या लोकांना त्याची सवय झालेली आहे. मग मला उभं केलं. तुझे तळ्याचे तक्ते दाखवले, कुठले पक्षी कधी उतरतात, पावसाचं पाणी कुठे मुरतं. त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग आपल्या घराचं सांगायला लागले आणि मध्येच गप्प झाले.

भाची : विसरलीस?

आत्या : नाही गं. थांबले, बोलले, परत थांबले. सारखं तेच. लोक एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षबाईंनी पाणी मागवलं, म्हणाल्या, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, तसं नाही हो, विमान जाऊ देत होते.

भाची : पण इथे कुठलं विमान? विमानतळ पार शहराच्या त्या टोकाला.

आत्या : तेच तर. जाड काचा, पंख्याचासुद्धा आवाज नाही. मी थांबतेय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घरी तसंच बोलतो ना आपण, अर्धं वाक्य, मग गप्प, मग उरलेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वाटलं, पोरीची सगळी मेहनत पाण्यात घातली.

भाची : आणि अध्यक्षबाई?

आत्या : वकिलाकडे वळल्या. म्हणाल्या, ही का ती सवय? तो नुसते कागद चाळायला लागला. मग सगळे सदस्य उठून आत गेले, आणि आले ते निकाल घेऊनच.

भाची : मी छपरा-छपरावर आवाज मोजायची यंत्रं लावत फिरले. आणि तू नुसती गप्प राहून जिंकलीस.

आत्या : आपण जिंकलो. तू मला हाताला धरून इथवर आणलं नसतंस, तर मी स्वयंपाकघरात बसून नशिबाला बोल लावत राहिले असते. फार अभिमान वाटतो गं तुझा. जा, बाहेर सगळे ताटकळलेत, त्यांना सांग.

भाची : त्यांना तूच सांगायचंस. पण आधी आतोबांना फोन. हा घे, लागला.

आतोबा (फोनवर) : बोला. काय असेल ते एकदाच सांगून टाका. कपाटही भिंतीपासून सोडवलंय मी.

भाची : परत लावा ते, आतोबा. हरले ते लोक. आपल्याला कुठेही जायचं नाहीये.

आत्या : ऐकलंत का? मी घसा कोरडा करून सांगत होते, निकाल लागेपर्यंत तरी पलंग सुटा करू नका. महिनाभर जमिनीवर झोपवलंत मला.

आतोबा : खरं सांगताय दोघी?

आत्या : खरं. अहो, बोला की काहीतरी. रडताय का?

आतोबा : रडतोय. आणि पाना शोधतोय. तुम्ही येईपर्यंत पलंग जोडून ठेवतो.