खाटेशेजारची खुर्ची

इस्पितळात नंबरची वाट बघत होतो. मागच्या बाकावर चर्चमधला फादर व्हायला परदेशी आलेला एक तरुण आईशी फोनवर बोलत होता. फोनचा आवाज मोठा होता.

“जेवलास?”

“हो. आई, आज चूक झाली माझ्याकडून.”

“काय केलंस?”

“इथल्या एका आजारी आजोबांजवळ बसायचं होतं. त्यांनी बोलायचं, आपण ऐकायचं, असं शिकवलंय आम्हाला. ते अगदी बाबांसारखे खोकले आणि मीच रडायला लागलो.”

“अगं बाई! मग?”

“त्यांनीच माझा हात धरून प्रार्थना केली. आता हे सगळं शब्दन्‌शब्द सरांना लिहून द्यायचंय.”

“दे की लिहून. चोरी थोडीच केलीस?”

“बाबांजवळ कोण आहे आत्ता?”

“तुझ्यासारखाच एक जण येतो, इथल्या सेमिनरीत फादर व्हायला शिकणारा. लांबच्या देशातला आहे. खाटेशेजारी तासभर बसतो बिचारा.”

“बाबा बोलतात त्याच्याशी?”

“भरभरून. तुझ्याबद्दलच. दारातून ऐकू येतं मला.”

“मी निघालो तेव्हापासून माझ्याशी तर धड एक वाक्य बोलले नाहीत.”

“त्याला आपली भाषा कळत नाही रे. म्हणून बोलतात.”

“आई, त्याला जेवलास का विचारत जा.”

“रोज विचारते, हाताने खूण करून.”

“काय म्हणतो?”

“हो म्हणतो. तुझ्यासारखंच, पटकन.”