धोंडोपंतांचं सॉरी

मंडळी, मला एक सांगा! तोंडानं माफी मागितली, म्हणजे ती मागून झाली का हो? हो म्हणणाऱ्यांनी हात वर करा... बघा! सगळे पुरुषच! बरं, आता ऐका.

वाईला धोंडोपंत खांबेटे म्हणून एक गृहस्थ होते. माणूस देवभोळा, पण मुखी अखंड नाम कोणतं? सॉरी! दूध उतू गेलं — सॉरी! एकदा नैवेद्याचा मोदक आधीच चाखला आणि गणपतीलाच म्हणाले — सॉरी!

एके दिवशी त्यांच्या पत्नीनं, सुमतीबाईंनी, गच्चीवर उडदाचे पापड वाळत घातलेले. लेकीच्या डोहाळजेवणाचे! आणि पंत पेपर वाचत निघाले की त्यावरून — चपलांसकट! कुर्रर्र! कुर्रर्र!

"सॉरी हं!" म्हणाले, आणि पान उलटलं.

झालं! बाईंनी बोलणंच टाकलं. चहा यायचा, पण कप असा आदळायचा की निम्मा चहा धोतरावर! पंतांना घर खायला उठलं हो! गेले शेजारच्या रेगे मास्तरांकडे. मास्तरांचा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेलेला.

"मास्तर, सॉरी म्हटलं तरी ही बोलत नाही!"

"पंत, इंग्रजीत दुखऱ्या जखमेला 'सोअर' म्हणतात ना, त्याच्याच घरातलं हे सॉरी. मुळात सॉरी कोण? तर ज्याला दुखतंय तो! तुम्हाला कुठे दुखतंय?"

पंतांनी पाठ चाचपली, गुडघे चाचपले. "छे हो! तब्येत ठणठणीत!"

"मग खोटं बोललात की!"

पंत खजील झाले. घरी आले, नव्या पापडांसाठी उडदाचं पीठ भिजवलं, हाताला तेल लावलं आणि लागले कुटायला! धप्! धप्! आता पापडाच्या घरी जो येईल त्याला कच्ची लाटी द्यायची, ही आपली रीत. पण इथे येणारे पंत, देणारे पंत! एक कुटायची, दोन खायच्या! संध्याकाळी हात वर होईना, कंबर सरळ होईना, वर पोटातही कळ!

"सुमती... आई गं... सॉरी गं!"

बाई तेलाची वाटी घेऊन बाहेर आल्या. "कुठे दुखतंय?"

"सगळीकडे!"

"हां," बाई हसल्या, "आता पोचलं!"

तेव्हा मंडळी, उठताना कुणाला पाय लागला तर नुसतं सॉरी फेकू नका. वाका, हात लावून नमस्कार करा, कंबर जरा दुखू दे! आणि पुढे बसलेले आबा, हसताय काय? तिकडे काकूंकडे बघा — त्या हसत नाहीयेत! चला, देवाचं नाव घेऊन टाळी वाजवा सगळे... आणि आबा, तुम्ही वाटेत उडदाचं पीठ घेऊन जा!