पिस्तुलाचा उजवा कौल

पिस्तुलाच्या पाया पडलेली माणसं बघितलीत का कधी? आमच्या घरात बघायला मिळतील.

माझा पुतण्या महेश मोहोळजवळ शेतातल्या वस्तीवर राहतो. चोऱ्या वाढल्या म्हणून त्यानं रीतसर परवाना काढून पिस्तूल घेतलं. खंडेनवमीला आम्ही कोयता, विळा, कुऱ्हाड पुजतो. यंदा ह्या दिवट्यानं मधोमध पिस्तूल मांडलं, ते पण नळीचं तोंड पाया पडणाऱ्यांकडं करून! वैनी, म्हणजे त्याची आई, पहिल्यांदा वाकल्या आणि नळीसमोरच कपाळ टेकवून उठल्या.

मग माझी पाळी आली. मी म्हणालो, "मी न्हाय पडत. आधी तोंड फिरव त्याचं."

"तात्या, रिकामं हाय की. गोळ्यांची मॅगझीन काढून कपाटात ठेवलीया."

"मग उघडून दाखव."

"लई भित्रं बगा तुमी!" म्हणत त्यानं पिस्तूल भिंतीकडं धरलं आणि वरचा भाग मागं ओढला. आत राहिलेली एक गोळी टणकन उडून उजवीकडं नारळापाशी पडली.

महेशचं तोंड पांढरंफटक. "मॅगझीन काढली की रिकामं हुतंय, असं वाटलं मला," एवढंच बोलला.

वैनी म्हणजे देवावरचं फूल उजवीकडं पडलं तरी हरखणारी बाई. त्यांनी लगेच हात जोडले. "भावजी, बगा! देवानं उजवा कौल दिला!"

"व्हय वैनी," मी म्हणालो, "पण मगाशी तुमी वाकला हुता तवा दिला असता, तर आरपार दिला असता."