अकरा मैल चाललेली गाडी

—आणि हे ज्यानं कुणी तुमच्या डोक्यात भरवलंय ना, की स्वस्तातली घेतो तो शहाणा आणि महागातली घेतो तो गाढव, त्यानं एक अख्खी पिढी नासवली. नासवली! कोण होता देव जाणे. तुला नाही म्हणत मी, पोरी, तू कशाला तोंड पाडतेस — तू नुसती त्याचं फळ आहेस. या आठवड्यात जाहिरात बघून जो आला त्याच्या हातात फोन, फोनवर तक्ता, आणि तक्त्यात इंजिनाची ताकद भागिले डॉलर. गाडी म्हणजे काय बटाटे आहेत, किलोवर घ्यायला? ठेव तो आत. आणि त्या खोळ घातलेल्या गाडीपासून जरा लांब उभी राहा, तुझ्या बाहीवर कुत्र्याचे केस आहेत — जनावरांच्या दवाखान्यात काम करतेस म्हणालीस ना, नसतं सांगितलंस तरी कळलं असतं. केसानं काय होतं? केसानं काही होत नाही. केस खोळीला लागतो, खोळ रंगाला लागते, आणि त्या रंगाला मी आजवर उन्हाची तिरीप लागू दिलेली नाही. जाऊ दे. तू लाल गाडी बघायला आलीयस, लाल बघ.

तर ही लाल. साधी कॅस्केड. पोटभर बघ, बघायला पैसे पडत नाहीत. लोक आपला माल चांगला म्हणून सांगतात, मी नाही सांगत — सगळा जन्म मी खरेदी खात्यात काढला, या डेट्रॉइटातल्या किती गाड्यांचे बोल्ट मी घासाघीस करून घेतले असतील त्याला गणती नाही, विकणाऱ्याची भाषा मला झोपेतही येते, म्हणून तर ती मी बोलत नाही. ही गाडी भंगार आहे. सीट कापडी. मागं पंख नाही. इंजिन असं, की सिग्नलला शेजारी एखादी म्हातारी मिनीव्हॅन घेऊन उभी राहिली तर तीसुद्धा पुढं काढील. आणि ही चाकावरची कड बघ, मिठानं खाल्लीय. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ते मीठ! सगळी गल्ली आपापल्या स्पोर्ट्स गाड्या नोव्हेंबरात निजवते, बॅटरी काढते, वर गोधडी घालते — आणि माझी बायको आर्लीन, ती बर्फाचे टायर चढवून हिला घेऊन निघाली दूध आणायला. दूध! दुकान कोपऱ्यावर, आणि बाई परत यायची तासाभरानं. मी विचारायचो, कुठं गेली होतीस? तर म्हणायची, रस्ता मोकळा होता रे.

का विकतोय? जाहिरातीत लिहिलंय की. नव्या घरी जातोय आम्ही, तिथं पायऱ्या नाहीत आणि गॅरेज एका गाडीचं आहे. आर्लीनचं खुब्याचं ऑपरेशन झालं, डाव्या पायानं क्लच दाबवत नाही आता. गाड्या दोन, जागा एक — हिशेब सोपा आहे. जिची किंमत जास्त ती ठेवायची, जिची कमी ती काढायची, यात विचार कसला करायचा? आर्लीनला विचारलं तर म्हणते, तू ठरव लेन, किमतीतलं तुला कळतं. म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. मग मी ठरवलं. दहा दिवसांत ठरवलं.

तिकडं काय बघतेस? खोळ बघतेस. सगळे शेवटी तिकडंच बघतात, मग तक्ते विसरतात! ये. हात मागं. मी एक कोपरा उचलतो — एवढाच, पुढचा दिवा आणि थोडं बॉनेट. दिसलं? ही कॅस्केड आर. हिच्या बहिणीच्या दुप्पट किंमत. दुप्पट! आणि काय मिळतं दुप्पट देऊन, हेच विचारणार ना तू? सगळे हेच विचारतात, चेहरा असा करून. ऐक. त्या जर्मनीतल्या डोंगरातल्या शर्यतीच्या ट्रॅकवर लाल गाडीला जेवढा वेळ लागतो, त्याहून हिला चार सेकंद कमी लागतात. चार सेकंद! हसू नकोस. चार सेकंदांची किंमत ज्याला कळत नाही त्यानं बस धरावी, बसमध्ये हीटर असतो. दोन्ही एकाच दिवशी घेतल्या आम्ही, मी निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात. ही मी घेतली, ती आर्लीननं, स्वतःच्या पैशांनी. तो विकणारा पोऱ्या तिला समजावतोय, बाईसाहेब, थोडे अजून घाला, वरचं मॉडेल घ्या, उद्या भाव येईल. आणि आर्लीन त्याला म्हणते, एवढ्यात जाता येतं ना? जाता येतं म्हणाला. मग झालं, म्हणाली. मला तोंड लपवायला जागा नव्हती. शोरूममध्ये आणखी माणसं होती.

अकरा मैल. हो, बरोबर ऐकलंस, काट्यावर अकरा मैल. कारखान्यात थोडे, ट्रकवर चढवताना-उतरवताना थोडे, दुकानाच्या आवारात थोडे. मी? मी एकही घातला नाही. ती बंद ट्रकमधून आली, ढकलत आत घेतली, त्याच दिवशी खोळ घातली. का म्हणजे? हे तुम्हा लोकांना सांगून कळत नाही! चालवली की उतरली. पहिल्या मैलाला जेवढी किंमत जाते ना तेवढी पुढच्या हजारात जात नाही. जो चालवतो तो पैसे जाळतो, जो थांबतो तो — अगं, टायरला नख लावू नकोस! मूळचे आहेत ते, कारखान्याचे. दगड झालेत? झाले असतील. दगड झाले म्हणूनच मूळचे आहेत, मऊ असते तर बदललेले असते, एवढंही कळत नाही? हे ओळखणारा माणूस वेगळा असतो. मंगळवारी आला होता एक, ही विकायची नाही म्हटलं तरी नुसती बघायला, ग्रॉस पॉइंटहून, तळ्याकाठचा बंगलेवाला, बूट असे की पाय ठेवायला जमीन बिचकेल. खरा दर्दी! गाडीत बसला नाही, दारसुद्धा उघडलं नाही. एकेक बोट सोडवत हातमोजे काढले, वाकला, काच पुसून काट्यावर बघितलं. मी श्वास धरून उभा. आणि सरळ होऊन म्हणतो — अकरा? माझ्याकडे सहा मैलांची आहे. हातमोजे घातले नि गेला. सहा! त्या पाच मैलांवरून माणूस माणसाकडे असं बघतो? चालवत पण नाही तो! ठेवतो नुसता, तापवलेल्या गोदामात, ओळीनं. मूर्ख. श्रीमंत मूर्ख. असल्याच्या घरी गेली असती तर तिचं काय — कुणी बघितलं तरी असतं का तिच्याकडे?

हसतेस कशाला?

नाही, मी बघतो. मी रोज बघतो. आर्लीननंही बघितलीय, एकदा बसलीसुद्धा आत. बूट काढायला लावले, पायांत किराण्याच्या पिशव्या घातल्या तिच्या, गालिचा पांढरा आहे ना. बसली. स्टिअरिंगवर हात ठेवले. मला वाटलं आता कळेल हिला. इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, छान आहे लेन, कुठं जाते ही? — कुठं जाते! बाईच्या जिभेला हाड नाही. पिशव्या चुरचुरत उतरली, लाल गाडी काढली नि गेली बहिणीकडं.

आणि वुडवर्ड रस्त्याची मिरवणूक माहीत असेल तुला, ऑगस्टमधली, सगळ्या जुन्या-नव्या गाड्या रस्त्यावर. मी दरवर्षी जातो. घडीची खुर्ची, थंड पाण्याची पेटी, हॉटडॉग — पहाटेच जागा धरतो, फूटपाथच्या पहिल्या रांगेत. ही घेऊन? वेडी आहेस का! खडे उडतात, किडे चिकटतात, पोरं बोटं लावतात. मी बघायला जातो. बघतो आणि शेजारच्याला सांगतो, ही कितीची, ती कितीची, हिला रंग मूळचा नाही, त्या दाढीवाल्यानं त्याच्या गाडीला डोळे झाकून भलती किंमत दिलीय. मला सगळे विचारतात तिथं. आणि भर गर्दीत, त्या सोनेरी-चंदेरी गाड्यांच्या मधून, मिठानं खाल्लेली ही लाल घेऊन आर्लीन जाते, काच खाली, कोपर बाहेर — आणि हॉर्न वाजवून ओरडते, लेऽन! सगळी रांग वळून माझ्याकडे बघते. तो कोण? तर हिचा नवरा, खुर्चीवरचा. एका वर्षी तर वेग कमी करून म्हणाली, चल बस, एक फेरी मारू, खुर्ची कुणी नेत नाही. जागा गेली असती. पहाटेपासून धरलेली जागा.

काय विचारलंस? वळणावर कशी आहे? आर? — हां, आता विचारलंस काहीतरी कामाचं. वळणावर ही गाडी बोलते. खोटं नाही सांगत. रस्ता कुठं ओला, कुठं खडी, सगळं तळहाताला कळतं. तू मॅकिनॉचा पूल ओलांडून वर गेलीयस कधी? पुलाच्या मधल्या पट्टीला लोखंडी जाळी आहे, चाक जाळीवर आलं की पूल गुणगुणतो, पोटात कळतं ते, खाली पाणी दिसतं. आणि पलीकडं तळ्याकाठचा रस्ता लागतो — तिथं एक वळण आहे, डावीकडं, झाडीत शिरणारं. दुसरा गिअर टाकायचा, पाय किंचित उचलायचा, आणि मग तिची शेपटी इतकीशी हलते, घसरत नाही गं, नुसती हलते, थट्टा केल्यासारखी, की पुन्हा सरळ — मी तिथं मागं फिरलो आणि तेच वळण परत घेतलं. तीनदा घेतलं. आर्लीन मांडीवर पास्टी घेऊन खात होती, तिच्या आईनं बांधून दिलेली, बटाटा-मांसाची, सगळा चुरा सीटभर, अजून त्या शिवणीत असेल बघ — आणि म्हणाली, लेन, तू हसतोयस. मी म्हटलं, रस्त्याकडे बघतोय मी. म्हणाली, बघ बघ, हसत बघ—

काय? … हो. हो, ती लाल होती. मग? त्या दिवशी तिचा हात अवघडला होता म्हणून चालवली मी, एकदाच. पण आर त्याहून चांगलीच वळणार की! चार सेकंदांनी चांगली! छापलंय तसं, मासिकात आहे, मी आणून दाखवतो — नको म्हणतेस? बरं, नको. अशी बघू नकोस माझ्याकडे. दवाखान्यात कुत्र्यांकडे अशीच बघत असशील.

हे काय? पूर्ण किंमत देतेस? जाहिरातीत लिहिली तेवढी? अगं घासाघीस कर ना! असल्या जुन्या गाडीला मागितलेली किंमत देतात का कुणी? मिठानं खाल्लीय म्हणून मी स्वतः दाखवलं, सीट फाटलीय, उजवीकडचा आरसा चिकटपट्टीवर आहे, हीटर लावला की ओल्या कुत्र्यासारखा वास — तुला चालेल म्हणा तो — आणि तू पूर्ण किंमत देतेस. याला काय म्हणायचं? किंमत कळत नाही तुम्हाला, तेच म्हणतोय मी मघापासून. किल्ली? किल्ली आत आहे. नाही, चालवून बघायची गरज नाही. कारण — कारण ती माझी नाही, आर्लीनची आहे. ती खिडकीत उभी आहे का? वळून बघू नकोस, नुसतं सांग. … हात करतेय? कुणाला? तुला?

नाही. ऐक, पोरी, विकायची नाही ही. काढतो जाहिरात, आत्ता काढतो. क्लच मी दाबीन. तिला शेजारी बसता येतं ना? गॅरेजातल्या एका जागेचं मग बघू. मग झालं. — आणि मी काही चुकलो म्हणून नाही ठेवत, समजलीस? किमतीच्या बाबतीत मी चुकत नाही. दुप्पट म्हणजे दुप्पट. तू जा आता, तुझ्या फोनवर बटाटे बघ. पण जाण्यापूर्वी तुझी खात्री पटवतो, नाहीतर गावभर सांगशील की म्हातारा खुळा आहे. तो समोर गवत कापतोय ना, तो वॉल्ट. आमचं गॅरेज त्याच्या दारासमोर रोज उघडं असतं, त्याला ना माझं देणं ना घेणं, त्याला विचारू. वॉल्ट! ए वॉल्ट! बंद कर ते यंत्र जरा! या मुलीला सांग — तू इथं राहायला आल्यापासून बघतोयस ना माझ्या दोन्ही गाड्या — माणसानं थांबून बघावं, जीव टाकावा, अशी गाडी यातली कुठली? लाल, की ही खोळीतली?

वॉल्टनं यंत्र बंद केलं, टोपी मागं सारली आणि रस्त्यापलीकडून ओरडला, "गाडी आहे होय ती? अरे लेन, मी इतकी वर्षं समजत होतो, तू तिथं बोट झाकून ठेवलीयस."