मेमध्ये काहीतरी खोट काढा

तक्रार नाही हो मॅडम, तक्रार अजिबात नाही. तुम्ही काम फार चांगलं केलंत, तीच तर अडचण झालीय. — बसतो, बसतो. पंखा राहू द्या. मी सदाशिव जगदाळे, मोशीचा, ते दोन भावांचं कॅरिबियन क्रूझचं तुमच्याकडं चाललंय ना — हां, त्या दोघांचा बाप. फोनवर बोललोय आपण. तुम्ही आम्रपाली मॅडम ना? मला वाटलं कुणी पोक्त बाई असतील, आवाज तसा येतो. — चांगल्या अर्थानं म्हणतोय. — तर काल तुमचा मेसेज आला ग्रुपवर. मेचा पहिला आठवडा. तिकडची वादळं सुरू व्हायच्या आधी, तिकडच्या पोरांच्या सुट्ट्या संपल्यावर, बोटीवर गर्दी नाही, रेट उतरलेले, समुद्र शांत, आमच्या नातीची, ओवीची शाळा बंद, मोठ्याच्या प्लॅंटला शटडाउन, धाकट्याचं वर्षअखेरचं काम उरकलेलं. मी दोनदा वाचलं, कुठं खोट सापडते का बघत. आणि सगळ्यांनी पटापट होकाराचे अंगठे टाकले! आमच्या हिनंसुद्धा. हिला मोबाइलवर अंगठा टाकता येत नव्हता, तो कुणी शिकवला देव जाणे.

तर मी आलोय ते मे रद्द करायला. — नाही नाही, क्रूझ नाही रद्द करायची, क्रूझ कशी रद्द करायची, काय बोलता! फक्त मे. मेमध्ये तुम्ही काहीतरी खोट काढायची आणि संध्याकाळपर्यंत पोरांना कळवायचं. एवढंच काम आहे. शेजारशेजारच्या खोल्या गेल्या म्हणा, बोटीचं इंजिन उघडलंय म्हणा, तुमचा धंदा आहे, तुम्हाला जास्त कळतं. — खोट नाहीच म्हणता? मॅडम, मी उभा जन्म भोसरीला प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये काढला. गिअरचा कारखाना. कुठलं मशीन कधी बंद ठेवायचं, कुणाला कधी रजा द्यायची, सगळं माझ्याकडं. खोट नाही अशी तारीख नसते. आपण बघत नाही एवढंच. जून ते नोव्हेंबर तिकडं वादळं — हे मीच शोधून काढलं. दिवाळीची सुट्टी चांगली, पण दिवाळी पडते नेमकी त्या वादळांत — मीच. जानेवारीत ओवीच्या शाळेचं गॅदरिंग, मार्चमध्ये बोटीवर कॉलेजच्या पोरांचा धुडगूस आणि इकडं धाकट्याला मान वर करायला फुरसत नाही — सगळं मीच. आणि जिथं काहीच सापडलं नाही तिथं गुडघा काढला. गेल्या नाताळाचं अगदी जुळत आलं होतं, रेट चढा असूनसुद्धा पोरं तयार झाली, तर मी गुडघा धरून बसलो. डॉक्टरकडं नेलं, फोटो काढला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, काका, गुडघा पन्नाशीतल्या माणसाचा आहे. नशीब, बाजूला घेऊन म्हणाला.

चहा नको. — बरं, अर्धा द्या. — मला जायचं नाही असं कोण म्हणालं? जायचंय की. कधी जायचं हा प्रश्न आहे, आणि तो सुटायला नको. — कळलं नाही ना? आमच्या हिलाही आधी कळलं नव्हतं. त्याचं असं आहे, आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, तेव्हा पोरांनी विचारलं, बाबा, काय पाहिजे तुम्हाला. वेगवेगळं विचारलं, हे लक्षात घ्या. एकानं सकाळी, एकानं दुपारी. मी दोघांनाही सांगितलं, कॅरिबियन क्रूझ, सगळ्यांनी मिळून. हिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. पण मी विचार करून बोललो होतो. महाबळेश्वर म्हटलं असतं तर एका शनिवारी उरकलं असतं. गोव्याला एक विमानानं गेला असता, दुसरा रस्त्यानं. दुबई तर पोरं आठवड्यात ठरवतात. मला असं काम पाहिजे होतं जे लवकर हातावेगळं होणार नाही. सात माणसांच्या सुट्ट्या, वर तिकडचं हवामान, वर अमेरिकेचा व्हिसा कारण बोट तिथून सुटते — त्या व्हिसाची नुसती तारीख मिळायला महिनोन्महिने लागतात हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

आता तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. — नाही विचारलंत? मग मीच सांगतोय. मोठा रविराज चाकणला, गाड्यांच्या कंपनीत सुपरवायझर. दारांची लाइन त्याच्याकडं, म्हणजे गाडीला दारं बसवतात ना, ती. कंपनीचं नाव नको. धाकटा दिग्विजय हिंजवडीला, कॉम्प्युटरवाला. एकाच बिल्डिंगमध्ये राहतो आम्ही, रविराज तिसऱ्यावर, दिग्विजय सातव्यावर, आणि आम्ही दोघं पाचव्यावर, मधोमध. तेही माझंच प्लॅनिंग. तर दिग्विजयला गाडी घ्यायची होती. रविराजनं आपल्या साहेबाला सांगून ठेवलं, माझा भाऊ घेतोय, सवलतीचं बघा. रंग ठरवला. म्हणाला, दिग्याच्या गाडीची दारं मी स्वतः उभा राहून बसवून घेतो. आणि दसऱ्याला हा दिग्विजय दुसऱ्याच कंपनीची गाडी घेऊन आला. तीही चाकणचीच, रविराजच्या गेटसमोरची, रस्त्यापलीकडची. लालभडक. हार घातलेली. पेढ्यांचे बॉक्स. आणि लावली कुठं, तर रविराजच्या खिडकीखाली. — हसा, हसा. आमच्याकडं त्या दिवशी कुणी जेवलं नाही. श्रीखंड दोन दिवस फ्रीजमध्ये पडून होतं.

रविराज खाली आला. गाडीभोवती एक फेरी मारली. पेढा घेतला, हातातच ठेवला. म्हणाला, आमच्यात काय खोट होती रे? आणि आमचं हे शेंडेफळ, सगळ्या सोसायटीसमोर म्हणतं कसं — दादा, तूच सांगतोस की जेवताना, शिफ्ट संपत आली की घाईत दारं कशी हाणून बसवतात ते. — झालं. रविराजनं पेढा बोनेटवर ठेवला आणि वर गेला. तिथनं बोलणं बंद. त्याला गाडी नाही लागली मॅडम. घरात विश्वासानं बोललेलं चारचौघांत काढलं, ते लागलं. मला रविराजचं पटतं. आणि दिग्विजयचंही पटतं, गाडी चांगली आहे. हे मी दोघांनाही सांगितलेलं नाही. — नाही, समजावायला गेलो नाही कसं, गेलो की. दोघंही म्हणाले, आमचं काही भांडण नाही बाबा. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

वर्षभर असंच. लिफ्टमध्ये धाकटा असला की मोठा जिन्यानं. गणपतीत आरतीला दोघं शेजारी, टाळ एकाच तालात, आणि आरती झाली की एक तिसऱ्यावर, एक सातव्यावर. जेवायला एका टेबलावर बसवलं तर ‘आई, त्याला सांग, मीठ इकडं दे.’ तो शेजारीच बसलेला! आणि ही सांगायची. दिग्या, मीठ दे रे दादाला. तिथंच चुकलं आमच्या हिचं. त्यांना सोयच झाली ना. त्यात सुट्ट्यांचं तुम्हाला माहितीच आहे आपल्याकडं, कारखान्यांना गुरुवारची, म्हणून रविराजला तीच, दिग्विजयला शनिवार-रविवार, म्हणजे भांडण नसतं तरी भेटायचे वांधे. मग क्रूझचं निघाल्यावर मी गुरुवारची मीटिंग ठेवली. आमच्या हॉलमध्ये, प्लॅनिंग मीटिंग. दिग्विजय गुरुवारी घरूनच काम करतो, लॅपटॉप घेऊन यायचा. पोहे, चहा. पहिल्या मीटिंगला रविराज माझ्याकडं बघून बोलला आणि दिग्विजय लॅपटॉपकडं बघून. मी मिनिट्स लिहून घेतली. दुसरीलाही तेच. मग एकदा दिग्विजय म्हणाला, सप्टेंबर सगळ्यात स्वस्त पडतोय. तर रविराज एकदम त्याच्याकडं वळून — येडा आहेस का दिग्या, सप्टेंबरात तिथं वादळं असतात, बुडवतोस काय सगळ्यांना! — मी उठून किचनमध्ये गेलो. ही तिथं झारा हातात धरून रडत उभी. मी म्हटलं, वादळं तिकडं आहेत, तू कशाला रडतेस. तसं म्हणालो खरा, पण चष्मा मलाही पुसावा लागला.

तेव्हापासून दर गुरुवारी. दीड वर्ष झालं. आता भांडतातसुद्धा, बाल्कनीची खोली का आतली खोली, आधी हे बेट का ते बेट. व्हिसाला मुंबईला आम्ही चौघंच निघालो, सुनांना आणि ओवीला वेगळी तारीख मिळाली होती, तेव्हा रविराजची गाडी सर्व्हिसिंगला होती, मग नाइलाजानं बसला त्या लाल गाडीत. पहिल्यांदा. बसला, दार लावलं. परत उघडलं, परत लावलं, कान देऊन. पार लोणावळा गेलं तेव्हा म्हणाला, दार बरंय. दिग्विजय म्हणाला, हं. बस, एवढंच. पण मी मागच्या सीटवर हिचा हात धरला होता, ते तिच्याही लक्षात आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग बोटीवर तर आणखी गोड होतील. नाही हो. मी व्हिडिओ बघितलेत. अठरा मजल्यांची बोट. आमच्या सात मजल्यांत दोन सख्खे भाऊ एकमेकांना वर्षभर चुकवू शकतात, तिथं काय अवघड आहे? प्रत्येकाला वेगळी खोली, जेवायला दहा ठिकाणं, ज्याला जिथं पाहिजे तिथं त्यानं खावं. आणि आठवडा काय, हां हां म्हणता जातो. परत येतील, फोटो टाकतील, आणि पुढच्या गुरुवारी? कशाला यायचं त्यांनी पाचव्यावर? पोहे खायला? पोहे त्यांच्या घरीही होतात. — मला भीती वाटते मॅडम. सांगूनच टाकतो. बंद पडलेलं मशीन परत सुरू झालं ना, की आम्ही ऑपरेटरला सांगायचो, बाबा रे, आता ह्याला हात लावू नकोस, चाललंय तसं चालू दे. ते दोघं बोलतायत ते ह्या कॅरिबियनवर बोलतायत. ते काढून घेतलं तर दुसरं काय आहे त्यांच्याकडं? म्हणून म्हणतो, मे नको. पुढं बघू. पुढं काहीतरी निघतंच. नाहीतर माझा दुसरा गुडघा आहे.

काय? — आज? इथं? — दोघंही? पासपोर्ट घेऊन? — अहो, मग आल्या आल्या सांगायचं ना हे! — मी बोलू दिलं नाही, खरंय. — पण आज गुरुवार आहे. मला म्हणाले, बाबा, आज मीटिंग नको, जरा काम आहे. दोघंही म्हणाले. मला वाटलं दोघांची दोन कामं. — येतील ते मागंपुढं येतील, एक आत असला तर दुसरा गाडीतच बसून राहील, मी सांगतो तुम्हाला. रविराज स्कूटरवरनं येईल, त्याला पार्किंगचा —

थांबा. ती लाल गाडी... समोर मेडिकलपाशी लागतेय ती. मॅडम, जरा बघा, माझा हा चष्मा वाचायचा आहे. चालवतोय कोण? टक्कल पडलेला की दाढीवाला? — टक्कल? नीट बघा. — टक्कल. नक्की? — टक्कल म्हणजे रविराज. रविराज चालवतोय. ती गाडी. — आणि दाढीवाला शेजारी? — त्यानं चावी दिली? तो मला देत नाही चावी.

उतरले का? — दार लावलं? — परत उघडलं? — नाही? एकदाच लावलं? — बरं. — मग आता काय करतायत, रस्ता का नाही ओलांडत? — हसतायत? कोण? — दोघं? — कशाला? नाही, कॅरिबियनमध्ये हसण्यासारखं काय आहे, सांगा बरं मला. दीड वर्ष बघतोय, त्यात हसण्यासारखं एक अक्षर नाही. — म्हणजे दुसरंच काहीतरी बोलतायत. — दुसरंच बोलतायत मॅडम.

...

नाही, काही नाही. पाणी नको. — मे राहू द्या. मेच राहू द्या. काही खोट नाही मेमध्ये, चांगला महिना आहे. — मागनं वाट आहे ना इथं? बोळात निघते? — मी आलो नव्हतो. तुम्ही मला बघितलेलं नाही, अजूनही तुम्ही मला फोनवरच ओळखता. कप तेवढा उचला. — आणि एक लक्षात ठेवा, आत आले की खोल्यांवरनं भांडतील. भांडू द्या, मध्ये पडू नका. पण रविराज जर तुम्हाला म्हणाला, ‘मॅडम, त्याला सांगा,’ तर तुम्ही सांगायचं नाही. अजिबात नाही. म्हणायचं, शेजारीच बसलाय, तुम्हीच सांगा. — चला, कडी काढा, आले ते. दार हळू लावतो मी.