पुनवेची परीक्षा

उरणच्या धक्क्यावर होडीची वाट बघत मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. शेजारी वामन शेतकरी आणि मैना कोळीण.

"मैने, आमच्या आळीची पोरं पास, कोळीवाड्याची नापास. मासळीनं डोकं जड होतं काय गो?"

"परीक्षा पुनवेला होती. उधानात आमची पोरं रातभर जाळ्यावर. माझी कमळी तर परीक्षेत पाटीवरच झोपली."

"मंग मास्तर काय करनार?"

"भातकापनीला तुमच्या पोरांना सुट्टी देतो ना?"

"देतो..."

"फेरपरीक्षा पन पुनवेलाच ठेवलीय. आता कमळी नापास झाली तर तिचा बाप शाळा सोडवनार."

"सांगतो मास्तराला. रोज माझ्याच ओटीवर च्या पितो. कुठं हाय कमळी?"

"ती बघ, टोपल्यांमधी. हलू बोल. झोपेत पाढे म्हनतेय, एक पन चुकत नाय."