उलट्या आट्यांचं पेन

—तर तो हत्ती तुम्हाला खोटा वाटला. वाटू दे. सर्कशीतल्या हत्तीने बादलीभर शाई सोंडेत ओढली, मॅनेजरच्या पांढऱ्या कोटावर सोडली, आणि तिथल्या तिथे मला हे पेन सुचलं — असं मी मागच्या महिन्यात एका पेपरवाल्याला सांगितलं, तर त्याने छापलंसुद्धा. तुम्ही प्रदर्शनवाले जरा जास्तच शिकलेले दिसता. बरं, हत्ती गेला उडत. बसा ना साहेब — त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय ऐन वेळी दगा देतो. करतो हो सही, फॉर्म कुठे पळून चाललाय? बारा पेनं, एक ते बारा आकडे कोरलेली, आणि खाली चिठ्ठीवर ‘रचना आणि निर्मिती’, पुढे माझं नाव. छापूनच आणलीत चिठ्ठी? बघू. अक्षर मोठं आहे. नाही, चूक नाही काही. मोठं आहे, एवढंच म्हणालो.

हा आवाज? लेथचा, कातायच्या यंत्राचा. आत ताई आहे, माझी थोरली बहीण. मदत करते मला. मदत म्हणजे काय — नळी कातते, आतून पोखरते, आटे पाडते, दट्ट्या बसवते, घासून चकाकी आणते. बाकी सगळं मी. हसू नका. गिऱ्हाइकाशी बोलतं कोण? पेपरवाल्याला हत्ती देतं कोण? ती तर दिवसाला चार शब्द बोलते, त्यातले दोन ‘जेवलास का’.

हे बघा, सात नंबर. ड्रॉपर नको, पिचकारी नको, पेन स्वतःच शाई पितं. निब दौतीत बुडवायची, शेपटाकडची ही मूठ फिरवायची, की दट्ट्या खाली — मग उलट फिरवली की दट्ट्या वर, आणि शाई गटगट आत. बाहेर एक थेंब नाही. दाखवतो ना — असं धरायचं — असं फिरवायचं — थांबा, हवा दमट आहे, हे पेनाचं कडक रबर, एबोनाइट, फुगतं. जोर लावायचा नाही, जोर लावला की — हं. आठ नंबर बघू. आठ नंबर लाडका आहे माझा. हा पण — काय म्हणालात? दुसरीकडे? दुसरीकडे कशी फिरेल साहेब, जगातली प्रत्येक बरणी याच बाजूने —

फिरली. हो. शाईही चढली. उलटे आटे आहेत. माहीत आहे मला, विसरतो मी. बारा पेनं झाली, बाराही वेळा विसरलो. तुम्ही काय असं बघताय? स्वयंपाकी नाही का स्वतःच्या हाताने मीठ विसरत? बरं, मीठ राहू दे. डावऱ्या माणसाने केलंय ते. डावखुरा माणूस पेन उजव्यात धरतो आणि मूठ डाव्या हाताने फिरवतो, त्याला हीच बाजू सरळ. हो, मी उजवा आहे. सही करताना बघालच की. एवढा वेळ तेच बघत होतात, नाही का?

ताई डावरी. लहानपणी तिचा तळहात कायम निळा असायचा — डाव्याने लिहिणाऱ्याचा हात ओल्या ओळीवरूनच पुढे सरकतो, काय करणार. म्हणून या निबची धार अशी घासली आहे, रेघ बारीक, हात पोचेपर्यंत वाळलेली. म्हणून हे ड्रॉपरचं लचांड नको. घरात शाई सांडली होती ना एकदा. आमचे वडील नकाशे काढायचे, पुलांचे. सहा महिने एकाच पुलावर बसले होते, आणि सगळी दौत त्या पुलावर. ती अकरा वर्षांची, मी आठ. वडिलांनी विचारलं, कोणी सांडली? मी म्हणालो, मांजराने. माझी पहिली गोष्ट ती. साहेब, आमच्याकडे मांजर नव्हतं. वडिलांनी तिचा तळहात उलटा करून पाहिला. रोजचाच निळा हात. पुढे काही विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिचं दप्तर माळ्यावर गेलं, ते तिथेच राहिलं.

नाही, तिने माझं नाव सांगितलं नाही. माझ्याकडे बघत होती फक्त. ड्रॉपर माझ्या खिशात होता, चड्डी शाईने भिजत चालली होती. तिला दिसत होतं.

आता मी हे तुम्हाला का सांगतोय? तुम्ही विचारलंही नव्हतं. तुम्ही नुसतं म्हणालात, दुसरीकडे फिरवून बघा. चांगला होतो मी हत्तीपाशी. परवा तुमचं पत्र आलं तेव्हा मी तिला म्हटलं, ताई, नावाचं काय करू? म्हणाली, तुझंच टाक, तुला बोलता येतं. आणि मी टाकलं. लगेच टाकलं, साहेब, उलट एकदाही विचारलं नाही. शाई मी सांडली, नाव तिचं झालं. पेन तिने केलं, आणि चिठ्ठीवर हे — एवढं मोठं अक्षर कशाला लावता हो तुम्ही लोक?

नाही, सही नाही करत. खाडाखोड चालत नाही? मग दुसरा फॉर्म द्या. तुमच्या पिशवीत असणार, तुम्ही लोक दोन-दोन आणता. संध्याकाळपर्यंत द्यायचा ना? देईन. गोष्ट नाही सांगत, देईन. तिचं नाव तीच लिहील, तिच्या हाताने, तिच्या पेनने. मी दौत धरेन. घट्ट धरेन.

लेथ बंद झालं वाटतं. आत्ताच झालं ना? नाही? कधीपासून? — दट्ट्या दाखवत होतो तेव्हापासून? म्हणजे मांजर — मांजरसुद्धा —

या तुम्ही. ती चिठ्ठी घेऊन जा बरोबर, इथे नको. आठ नंबर इथेच राहू दे, शाई भरलीय त्यात, तिला सहीला लागेल. आणि जाताना दार ओढून घ्या.